ईस्टर आयलंडची गोष्ट सांगताना तो दगडी बांध का सुटतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुरवणीतला पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर आयलंड या बेटावरचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलाय, फोटोही छान आहेत, पण गोष्ट परत तीच, की मोआई म्हणजे तिथल्या मोठ्या दगडी पुतळ्यांच्या नादापायी लोकांनी सगळी झाडं तोडली, मग उपासमार झाली, आपसात मारामाऱ्या झाल्या आणि स्वतःच्याच हाताने संपले. हे इतक्या ठिकाणी इतक्या वेळा छापून आलंय की त्या बेटावर पुतळ्यांशिवाय आणखी काय आहे हे विचारायचं कोणाला सुचतच नाही. मला एका जुन्या बांधाबद्दल लिहायचंय, कारण तो बघितला की ही गोष्ट इतकी सरळ राहत नाही.

बेटाच्या आतल्या भागात तेरेवाका डोंगराच्या उतारावर वाइपू नावाची घळ आहे आणि त्या घळीत आवा रांगा उका आ तोरोके हाऊ ही जागा. तिथे जर्मन पुरातत्त्व संस्थेच्या लोकांनी उत्खनन केलं तेव्हा घळीत आडवा घातलेल्या दगडी बांधाचे अवशेष मिळाले, दगड लावून बांधलेली कुंडं मिळाली, फरसबंदी मिळाली, शेजारी आहू म्हणजे पुतळा उभा करायचा दगडी चबुतराही आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ताडाची झाडं लावायला खणलेले खड्डे मिळाले. परत लिहितो, लावायला. ज्यांना आपण झाडं तोडणारे म्हणून ओळखतो त्यांनीच पाण्याच्या काठी खड्डे खणून झाडं लावली होती, हे एवढं एक वाक्य तरी लेखात हवं होतं.

आता बांध घालायची गरज का पडली ते बघा. बेट जेमतेम १६३ चौरस किलोमीटरचं, चिलीचा किनारा साडेतीन हजार किलोमीटरच्या पलीकडे, आणि बारमाही नदी एकही नाही. पाऊस कमी पडतो असं नाही, वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण जमीन ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकाची, पडलेलं पाणी खाली झिरपतं आणि पार समुद्राच्या काठाशी जाऊन बाहेर येतं. तीन विवरांमध्ये पाणी साचतं तेवढंच. ओहोटी लागली की किनाऱ्यावर पाझर दिसतात, तिथे लोकांनी दगड रचून विहिरी केल्या, त्यांना पुना म्हणतात. खडकात पावसाचं पाणी धरायला कोरलेल्या खळग्यांना ताहेता म्हणतात. वाऱ्यापासून पीक वाचवायला गोल दगडी भिंती बांधून आत लागवड करायचे त्या मानावाई, आणि शेतात मुद्दाम दगड पसरायचे म्हणजे ओल टिकते. २०१९ साली एका अभ्यासात तर असं दिसलं की किनाऱ्यावरचे बरेचसे आहू गोड्या पाण्याच्या जागांजवळच आहेत. म्हणजे पुतळे एकीकडे आणि रोजचं जगणं दुसरीकडे असं नव्हतंच.

वाइपूच्या घळीत पाणी येतं ते मोठा पाऊस झाल्यावरच आणि येतं तेव्हा लोंढा येतो. त्याला दगडाने अडवायचं, कुंडात घ्यायचं, हे करायला उतार कळावा लागतो, माणसं जमवावी लागतात आणि एकदा बांधलं की दरवेळी डागडुजीही आली. उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं असं की ही जागा फक्त पाणीसाठ्याची नव्हती, पाण्याची पूजाअर्चाही इथे होत असावी. मला ते पटतं, जिथे पाणी इतकं अवघड तिथे ते पवित्र होणारच.

झाडं गेली हे खरंय, ते मी नाकारत नाही. पण त्यात बाहेरून आलेल्या उंदरांनी ताडाच्या बिया खाल्ल्याचाही वाटा आहे असं काही संशोधक सांगतात, आणि झाडं गेली म्हणून माणसं संपली हे तर आता टिकतच नाही. २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात पंधरा जुन्या रापा नुई, म्हणजे या बेटाच्या मूळच्या, माणसांचा डीएनए तपासला, त्यात सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची खूण सापडली नाही. खरी वाताहत झाली ती १८६२-६३ मध्ये, पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी माणसं पकडून नेली तेव्हा, मग जे थोडे परत आले त्यांच्याबरोबर देवीची साथ आली, आणि १८७७ मध्ये बेटावर फक्त १११ लोक उरले. त्यानंतर १८८८ मध्ये चिलीने बेट ताब्यात घेतलं, पुढे ते मेंढ्यांच्या कंपनीच्या हातात गेलं, लोकांना हांगा रोआ गावाच्या कुंपणात कोंडलं, कंपनी १९५३ पर्यंत होती. लेखात यातलं काहीच नाही आणि दोष मात्र सगळा त्यांच्या पूर्वजांवर. आज तिथे रापा नुई लोक राहतात, त्यांनी झगडून २०१७ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा कारभार आपल्या हातात घेतला, ते संपलेले नाहीत हो!

पुतळे बघायला जग जातं, बांधाकडे कोण जाणार, तिथे पडलेले दगडच दिसतात. पण त्या तीन विवरांपैकी रानो राराकूचं तळं मधल्या दुष्काळात आटलं, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच डोंगरावर आग लागून मोआई भाजले, अशा वेळी पाणी धरायची जुनी रीत सांगणारे अवशेष पुतळ्यांइतकेच जपायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

विनंती एवढीच आहे की पुरवणीत पुढे कधीतरी या बेटाच्या पाण्यावर एक लेख द्यावा, त्यात १८६२ चं काय झालं तेही यावं, आणि मोआईंच्या फोटोशेजारी या बांधाचाही फोटो छापावा.

आपला,
एक नियमित वाचक