उरुळी कांचन ते पंढरपूर, सगळ्यांनी मिळून सायकलवर: माणसं, गाड्या आणि निधी हवाय

मंडळी, नमस्कार.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवार ते रविवार, आपल्या हडपसरच्या सायकल मंडळातर्फे उरुळी कांचन ते पंढरपूर अशी पाच दिवसांची राईड काढायचं नक्की झालंय. कार्तिकीची गर्दी तोवर ओसरलेली असते, माघी वारी लांब असते आणि थंडी पण बऱ्यापैकी पडलेली असते म्हणून हा आठवडा. पंढरपूरला सायकलवर जाणारे ग्रुप पुण्यात, नाशकात भरपूर आहेत, आम्ही पण जातोच, पण या वेळी चाळीसेक जणांत आठ जण दृष्टी नसलेले आहेत, चौघं हाताने चालवायच्या तीनचाकीवर येणार, दोघांना जयपूर फूट आहे, काहींना ऐकू येत नाही, शिवाय साठी ओलांडलेले काका-मावश्या आणि ज्यांनी आजवर कॅनॉलच्या रस्त्यापलीकडे सायकल नेली नाही असे पण आहेत. आणि नेहमीचे शंभर-शंभर किलोमीटर मारणारे आहेतच, त्यांच्यावरच तर सगळी भिस्त आहे.

यातून जो निधी जमेल तो आपल्या भागातल्या सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या दहा मुलांना त्यांच्या मापाच्या तीनचाकी सायकली बनवून द्यायला वापरायचा. बाजारात मिळते ती तीनचाकी या मुलांच्या कामाची नसते, कारण पाठीला आधार लागतो, पाऊल पॅडलवरून निसटू नये म्हणून पट्टा लागतो, कमरेला बेल्ट लागतो, मागे आईबाबांना धरायला दांडा लागतो आणि पोरगं वर्षभरात वाढतं म्हणून सीट आणि हँडल सरकवता यायला हवं. फिजिओथेरपिस्टने माप घ्यायचं आणि फॅब्रिकेशनवाल्याने त्याप्रमाणे बनवायचं, असं ते काम आहे.

आता मदत नेमकी कशाची हवीय ते जरा सविस्तर सांगतो, कारण लोकांना वाटतं अशा राईडला मुख्य लागते ती हिंमत, आणि मग शुभेच्छा देऊन मोकळे होतात. ज्यांना सोबत न्यायचंय त्यांच्या घरी आम्ही जाऊन बोललो तेव्हा कुणीही पहिल्यांदा "मला जमेल का" असं विचारलं नाही. पहिला प्रश्न जवळजवळ प्रत्येकाचा एकच, मुक्कामाला कमोड आहे का? दुसरा, रात्री उठावं लागलं तर पायऱ्या किती? हिंमत त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त आहे, रोजच लागते. अडतं ते सोयीपाशी, आणि सोय करणं आपल्या हातात आहे, म्हणून हे आवाहन.

रूट ठरवतानाच खूप चर्चा झाली. माउलींच्या पालखीच्या वाटेने गेलो तर दिवेघाट आडवा येतो, तो चढ आणि तिथलं ट्रॅफिक दोन्ही हाताने चालवायच्या सायकलीला झेपणारं नाही. म्हणून तुकोबांच्या पालखीची वाट घेतली, यवत, वरवंड, पाटस, बारामती, इंदापूर, अकलूज करत. पाटसच्या पुढे रोटीचा छोटा घाट सोडला तर बाकी रस्ता सरळ आहे आणि पाटसपासून ९६५ जी क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे पालखी मार्ग लागतो, तो आता बराच रुंद झालाय. हडपसर ते लोणी काळभोर हा पट्टा मात्र मुद्दाम टाळलाय, तिथे तेलाच्या डेपोचे टँकर, फाट्यांवरची गर्दी आणि उलट्या बाजूने येणाऱ्या टू-व्हीलर, हे सगळं टँडमवर, म्हणजे दोघांच्या सायकलवर, पहिल्याच तासाला नको. उरुळी कांचनपर्यंत सगळे टेम्पोने आणि बसने जाऊ, तिथे निसर्गोपचार आश्रमाच्या गावातून सुरुवात करू. पहिला दिवस वरवंडपर्यंत, पंचवीस-तीस किलोमीटरच, शरीर आणि सायकल एकमेकांना सरावू देत. दुसऱ्या दिवशी बारामती, तिसऱ्या दिवशी इंदापूर, हे दोन्ही टप्पे पन्नासच्या आसपास. चौथा दिवस इंदापूर ते अकलूज, तीसेक किलोमीटर, मुद्दाम छोटा ठेवलाय कारण तीन दिवसांनंतर बूड आणि मनगटं बोलायला लागतात. पाचव्या दिवशी पंढरपूर. शेवट वाखरीच्या पालखीतळावर करायचा, तिथे जागा मोकळी आहे, गावातल्या गल्लीबोळात टँडम आणि तीनचाकी घुसवण्यात अर्थ नाही, दर्शनाला नंतर आरामात जाऊ.

सगळे एकत्र निघाले तर वेगवाल्यांचे पाय आखडतात आणि हळू चालवणारे दडपणाखाली येतात, हे दर रविवारच्या राईडला दिसतं. म्हणून उलटं करणार आहोत. उजाडलं की, म्हणजे सातच्या सुमाराला, सगळ्यात हळू बॅच आधी निघणार, तासाभराने मधली आणि त्यानंतर वेगवाले, म्हणजे दुपारच्या जेवणाला सगळे साधारण एकाच वेळी पोहोचतात आणि कुणी कुणाची वाट बघत उन्हात बसत नाही. हाताने चालवायच्या तीनचाकीचा वेग ताशी आठ-दहाच्या पुढे जात नाही आणि खांदे भरून येतात, त्यामुळे ते चौघं अर्धा टप्पा चालवणार, अर्धा टेम्पोत. यात कमीपणा काही नाही हे आम्ही आधीच सगळ्यांना सांगितलंय आणि वेगवाल्यांनी पण रोज एकेक तास मागच्या बॅचसोबत घालवायचाच, हा नियम आहे.

टँडमबद्दल थोडं जास्त लिहितो कारण तिथे माणसांची सर्वात मोठी गरज आहे. टँडम म्हणजे दोघांची सायकल, पुढे डोळस चालक, मागे दृष्टी नसलेला जोडीदार. पॅरालिम्पिकमध्ये पण दृष्टिहीन सायकलपटू अशीच शर्यत करतात. दोन्ही पॅडल एकाच साखळीने जोडलेले असतात त्यामुळे पुढच्याने पाय थांबवले की मागच्याचे थांबतातच, न सांगता थांबवले तर त्याच्या गुडघ्याला हिसका बसतो. म्हणून पुढच्याला सतत बोलत राहावं लागतं: "गिअर टाकतोय", "खड्डा आहे, बूड उचल", "पुढे तीन पट्ट्या आहेत", "थांबतोय, डावा पाय खाली". स्पीडब्रेकर न सांगता आला तर मागे बसलेल्याच्या पाठीचा कणा हादरतो. मागच्या रविवारी ग्राउंडवर सराव चालला होता, अकरावीतली एक मुलगी मागे होती आणि पुढे आमचा एक तगडा रायडर, दोन फेऱ्या तो गप्पच चालवत होता. तिसऱ्या फेरीला तिने त्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "दादा, काय दिसतंय ते पण सांगा की, नुसते खड्डे काय सांगताय." मग तो बोलायला लागला, कडुलिंबाखाली कुत्रं झोपलंय, पोरं क्रिकेट खेळतायत, आणि त्यानंतर दोघांचे पाय असे जुळले की त्यांना थांबवायला आम्हाला हाका माराव्या लागल्या.

तर असे पुढे बसणारे बारा जण हवेत, आठ जोड्यांना आठ आणि बदली चार. फार वेगवान असण्याची गरज नाही, खरं तर नकोच, संयम हवा, तोंड चालू हवं आणि ब्रेकवर हात हवा कारण उताराला टँडम साध्या सायकलीपेक्षा कितीतरी जास्त पळते. मागच्या जोडीदारापेक्षा वजनाने अगदी हलके असाल तर बॅलन्स अवघड जातो, तेव्हा जोड्या आम्ही बघून लावू. मंडळाकडे टँडम तीनच आहेत, अजून पाच हव्यात, कुणाच्या गॅरेजमध्ये, सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडली असेल तर पाच दिवसांसाठी द्या, सर्व्हिसिंग आम्ही करून घेतो, परत देताना नीट करूनच देऊ.

ऐकू न येणाऱ्या मंडळींसाठी खुणांची भाषा येणारं एक माणूस पाचही दिवस सोबत हवंय. मागून ओरडून "डावीकडे घ्या" म्हटलेलं त्यांना कळणार नाही, म्हणून सगळ्यांच्याच हँडलला आरसे लावणार आहोत आणि बॅचच्या पुढच्या-मागच्या सायकलला रंगीत झेंडे. आरशांचा सेट कुणी सायकल दुकानदार स्पॉन्सर करेल का, जरूर विचारा.

डॉक्टर एक, फिजिओथेरपिस्ट निदान दोन, आणि कृत्रिम पाय बसवणारा एक तंत्रज्ञ. ज्यांना कृत्रिम पाय आहे त्यांच्या पायाचा उरलेला भाग सॉकेटमध्ये, म्हणजे तो जिथे बसतो त्या वाटीत, घामेजतो, ओला मोजा तसाच राहिला की कातडी सोलते आणि दुसऱ्या दिवशी पाय घालताच येत नाही. म्हणून प्रत्येक थांब्यावर सावली, बसायला खुर्ची, कोरडा मोजा आणि पाच-दहा मिनिटं निवांतपणा द्यायचाच, मागचे लोक "चला चला" करणार नाहीत. पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांना एकाच जागी बसून बसून जखम होते आणि ती त्यांना जाणवत पण नाही, त्यांच्यासाठी चांगल्या गाद्या हव्यात आणि दर थोड्या वेळाने अंग उचलायची आठवण करणारं माणूस हवं. हे काम नर्सिंगच्या किंवा फिजिओच्या विद्यार्थ्यांनी करावं असं मनापासून वाटतं, शिकायला पण मिळेल.

मुक्कामाचं बघा. वरवंड, बारामती, इंदापूर आणि अकलूज इथल्या लोकांना खास विनंती. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण बघायला, बेलवाडीला घोड्याचं रिंगण बघायला, सराटीला नीरेचं स्नान बघायला जी माणसं जमतात त्या सगळ्यांची सोय आषाढात तुम्हीच लावता, दारात आलेल्याला भाकरी मिळाल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. आमची चाळीस रायडर आणि वीसेक मदतनीस अशी साठ माणसं आहेत. जेवण साधंच चालेल, पिठलं-भाकरी, भात, ताक. पण जागा तळमजल्यावर हवी, दाराला व्हीलचेअर जाईल एवढी रुंदी हवी, आणि बाथरूम जवळ हवं. कमोड नसेल तर आम्ही कमोडच्या खुर्च्या सोबत आणू, फक्त आधी कळवा म्हणजे मोजून घेऊन येता येईल. बायकांची झोपायची खोली वेगळी. मंगल कार्यालय, शाळा, मठ, काही चालेल.

गाड्या: दोन छोटा हत्ती, एक मोठा टेम्पो आणि ड्रायव्हरसकट एक अँब्युलन्स. मोठ्या टेम्पोला लाकडी किंवा पत्र्याचा रॅम्प करून देणारा वेल्डर मिळाला तर फार बरं, व्हीलचेअरवरच्या माणसाला प्रत्येक वेळी चौघांनी उचलायचं हे त्याला नको असतं आणि उचलणाऱ्याच्या कंबरेला पण नको.

आणि रस्त्याची एक काळजी आहे. डिसेंबरला कारखाने पूर्ण जोरात चालू असतात, भवानीनगर, माळीनगर सगळीकडे उसाच्या ट्रॉली आणि बैलगाड्या रस्त्यावर. आम्ही दिवसाउजेडीच चालवणार, दुपारी चारच्या आत मुक्काम, पण सकाळी नीरेच्या काठाला धुकं असतं. त्या पट्ट्यातल्या ट्रॅक्टरवाल्या बांधवांना कुणी ओळखत असाल तर त्या दोन-तीन दिवसांचं सांगून ठेवा आणि ट्रॉलीला मागे रेडियम लावायला लावा, पट्ट्या आम्ही फुकट देतो. त्याचा उपयोग आमच्यानंतर पण होईल.

आता पैशाचं. राईडचा सगळा खर्च २ लाख ४० हजारांच्या घरात जातोय, त्यात डिझेल, जेवणखाण, औषधं, टँडमचं भाडं, विमा सगळं आलं. ज्यांना परवडतं ते रायडर आपापला वाटा देतायत, त्यातून १ लाख येतील, राहिले १ लाख ४० हजार. मुलांच्या तीनचाकी सायकलींना प्रत्येकी १८ हजार धरलेत, म्हणजे १ लाख ८० हजार. एकूण ३ लाख २० हजार उभे करायचेत. दोन्हीचे हिशोब वेगळे ठेवलेत, देताना सांगा कशासाठी देताय, सायकलींसाठी दिलेला रुपया डिझेलला जाणार नाही. पूर्ण एक सायकल द्यायची असेल तर उत्तमच, पण शंभर-दोनशेची पावती पण आनंदाने फाडू, सोसायटीत चार जणांनी मिळून काढलेत तरी चालतील. देणगीवर टॅक्सची सूट मिळते ती नोंदणी मंडळाकडे नाही त्यामुळे तशी सूट मिळणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. हिशोब राईड झाल्यावर महिन्याभरात मंडळाच्या बोर्डावर बिलांसकट लागेल, कुणीही येऊन तपासा.

एक विनंती वाटेतल्या गावांना आणि पुढाऱ्यांना. स्वागत जरूर करा, पण हार-तुरे आणि भाषणांसाठी थांबवू नका. उन्हात उभं राहिलं की सॉकेटमधला पाय सुजतो आणि टँडमवर बसलेल्याला कुणाचं भाषण कुठल्या बाजूने चाललंय तेही कळत नाही. त्यापेक्षा सावलीत खुर्च्या, गार पाणी आणि केळी ठेवा. फोटो काढायचा असेल तर ज्याचा काढताय त्याला आधी विचारा.

अजूनही कुणाला रायडर म्हणून यायचं असेल तर सहा-सात जागा आहेत. सायकल साधी असली तरी हरकत नाही, वय, वजन, अपंगत्व याची अट नाही, पण नोव्हेंबरच्या निदान दोन सरावांना यायला लागेल, म्हणजे तुम्हाला काय लागतं ते आम्हाला नीट समजेल. आईवडिलांनी मुलांना पाठवायचं की नाही यावर विचार करत असाल तर एकदा सराव बघायला या आणि मग ठरवा.

सराव दर रविवारी सकाळी साडेसहाला मंडळाच्या ऑफिससमोरच्या ग्राउंडवर आहे. टँडमवर पुढे बसायची इच्छा असेल त्यांनी येत्या रविवारपासूनच या, बाकी मदतीसाठी संध्याकाळी सात ते नऊ ऑफिस उघडं असतं, पावतीपुस्तक तिथेच आहे आणि क्यूआर कोड दारावर लावलाय. जागा, गाड्या आणि टँडम यांचं १५ नोव्हेंबरच्या आत कळवलंत तर आम्हाला पुढची जुळवाजुळव करता येईल. सरावाला येताना हेल्मेट आणि पाण्याची बाटली आणा, हेल्मेट नसेल तर डोक्याचं माप सांगा, आम्ही देतो.