प्राध्यापकाचे हातमोजे आणि संशयाचा आजार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘प्रोफेसर टी.’ या ब्रिटिश गुन्हेमालिकेवर आलेला लेख वाचला. ही मालिका मी पहिल्या भागापासून पाहिली आहे आणि प्राध्यापकाच्या भूमिकेतले बेन मिलर मलाही आवडले. तरीही नायकाचा आजार हा त्याच्या हुशारीचाच भाग असल्यासारखे त्या लेखात जे कौतुक व्यक्त झाले आहे, त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही; कारण तोच आजार, म्हणजे ओसीडी (नको असलेले विचार मनातून न जाणे आणि त्यापायी एकच कृती पुन्हा पुन्हा करावी लागणे), गेली सव्वीस वर्षे आमच्या घरात आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. केंब्रिज विद्यापीठात गुन्हेशास्त्र शिकवणारे प्राध्यापक जॅस्पर टेम्पेस्ट यांना जंतुसंसर्गाची पराकोटीची भीती आहे, त्यामुळे हातमोजे त्यांची पाठ सोडत नाहीत आणि आजूबाजूची मांडणी जराही विस्कटलेली त्यांना सोसत नाही. त्यांची एके काळची विद्यार्थिनी लिसा डॉंकर्स आता पोलिसांत आहे. ती एका प्रकरणात मदत मागायला येते आणि तिथून पुढे, पोलिसांना न उलगडणारे गुन्हे प्राध्यापक उलगडत जातात. मूळ मालिका बेल्जियमची, अँटवर्पमधल्या प्राध्यापकाची, २०१५ सालची. पुढे तिच्या जर्मन, फ्रेंच आणि चेक आवृत्त्या निघाल्या आणि २०२१ मध्ये आयटीव्ही वाहिनीवर ती इंग्रजीत आली. एवढ्या भाषांत एकच पात्र चालते, त्याअर्थी विक्षिप्त विद्वानाची ओढ एकट्या इंग्रजांना नाही. आपल्याला तर ती आहेच.

माझा आक्षेप असा आहे की, या मालिकेत प्राध्यापकाची तीक्ष्ण नजर आणि त्यांचा आजार ही एकाच झाडाची दोन फळे असल्यासारखी दाखवली जातात. ज्याला टेबलावरची पेन्सिल तिरकी झालेली खटकते, त्यालाच साक्षीदाराच्या जबानीतली विसंगती खटकणार, असा तर्क प्रेक्षकाच्या मनात आपोआप तयार होतो. प्रत्यक्षात हा आजार याच्या अगदी उलटा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच डॉक्टरांनी त्याला ‘संशयाचे वेड’ असे नाव दिले होते, आणि इतके नेमके नाव माझ्या वाचनात दुसरे आलेले नाही. पडद्यावरचा प्राध्यापक हा खोलीतला सर्वांत ठाम माणूस असतो. खऱ्या रुग्णाला मात्र आपण आत्ताच लावलेले कुलूप लागले आहे की नाही, एवढ्याचीही खात्री देता येत नाही. कुलूप त्याच्या डोळ्यांना दिसत असते, हाताला लागत असते, आणि तरीही ती खात्री मनात उतरत नाही.

माझा धाकटा भाऊ कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. विषयावर त्याची उत्तम पकड होती आणि विद्यार्थी त्याच्यावर जीव टाकत. बारावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी यायचे, तेव्हा तो प्रत्येक उत्तरपत्रिकेच्या गुणांची बेरीज पुन्हा पुन्हा करायचा. एक फेरी झाली की मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचा आणि सगळे झाल्यावर ती टिंबे खोडरबराने पुसायचा. एका रात्री तीन वाजता मी पाणी प्यायला उठले, तेव्हा तो दिव्याखाली बसला होता आणि समोरच्या एकाच उत्तरपत्रिकेवर मी सतरा टिंबे मोजली. बेरीज त्रेपन्न होती. पहिल्या वेळी त्रेपन्न होती आणि सतराव्या वेळीही त्रेपन्नच होती. एका मुलाचा एक गुण आपल्या हातून गेला तर त्याचे आयुष्य बरबाद होईल, हा विचार त्याला सोडत नव्हता. गठ्ठे वेळेत मॉडरेटरकडे पोहोचेनात, मग बोलणी बसू लागली, आणि शेवटी त्याने नोकरी सोडली. या आजाराने माझ्या भावाला कोणतीही दिव्यदृष्टी दिली नाही. त्याच्याजवळ जी विद्वत्ता होती, ती वापरण्याची ताकद मात्र त्याने हिरावून घेतली.

उपचारांपर्यंत पोहोचायला आम्हाला नऊ वर्षे लागली. या आजारासाठी मंत्रचळ हा शब्द आपल्या भाषेत जुनाच आहे, पण तो आमच्याही घरात कधी कोणी उच्चारला नाही, कारण तो शिकलेल्या माणसाला लावायचा नसतो असे आम्ही धरून चाललो होतो. ‘हुशार माणसे जरा अशीच असायची’ हे वाक्य नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आणि आम्हीही इतक्या वेळा म्हटले की, त्याच्या आड नऊ वर्षे निघून गेली. आपल्या पुरवणीतील लेख वाचताना तेच वाक्य पुन्हा कानावर आल्यासारखे वाटले.

गुन्हेशास्त्राची बुद्धी अशा आजारातून येत नाही, हे त्याच केंब्रिजकडे पाहून सांगता येते. तिथली गुन्हेशास्त्राची संस्था १९५९ साली लिऑन राझिनोविच यांनी सुरू केली. गुन्हे कोणत्या ठिकाणी दाटतात, गस्त कुठे घातली असता काय फरक पडतो, शिक्षेनंतर माणसाचे काय होते, असल्या प्रश्नांवर वर्षानुवर्षे आकडे जमवणे आणि ते तपासणे, हे या विषयातले खरे काम. ते अनेकांनी मिळून केलेले आणि संथ असते. त्यावर नाट्य उभे करणे अवघड आहे हे मी समजू शकते.

मालिकेच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. दुसऱ्या पर्वात प्राध्यापक डॉ. हेलेना गोल्डबर्ग या थेरपिस्टकडे जाऊ लागतात. ज्युलिएट स्टीव्हनसन यांनी ती भूमिका फार संयमाने केली आहे आणि एवढ्या बुद्धिमान माणसालाही मदत मागावी लागते हे त्या प्रसंगांतून दिसते. परंतु मालिकेचा भर सतत बालपणावर, वडिलांच्या मृत्यूवर आणि आईवर राहतो. हे पाहून घरोघरच्या आया स्वतःलाच दोष देतील याची मला काळजी वाटते. आमच्या आईने पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारले होते की, तिचे सोवळे याला कारणीभूत झाले का. डॉक्टरांनी स्पष्ट ‘नाही’ म्हटले, तरी तिचे समाधान व्हायला बराच काळ गेला.

या आजारावर जो वर्तनोपचार सर्वांत परिणामकारक ठरला आहे, त्याची सुरुवातही इंग्लंडातच झाली. व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये लंडनमधल्या आपल्या रुग्णांविषयी लिहिले. या उपचारात जुन्या आठवणी उकरण्यावर भर नसतो. ज्याची भीती वाटते त्याला थोडे थोडे सामोरे जायचे आणि नेहमीची कृती करायची नाही, अस्वस्थता आपोआप ओसरेपर्यंत थांबायचे, एवढीच त्याची पद्धत. पण ती पाळणे महाकठीण. भावाने बेरीज एकदाच करायची, वही मिटायची आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही, असे ठरले. औषधेही होती, आणि त्यांचा गुण दिसायला तीन महिने लागले. माझ्या वाट्याला आलेले काम वेगळेच होते. तो विचारायचा, ‘ताई, बरोबर आहे ना गं?’ आणि मी उत्तर द्यायचे नाही, कारण माझा प्रत्येक होकार म्हणजे त्या आजाराला घातलेला आणखी एक घास होता. भाऊ डोळ्यांत पाणी आणून समोर उभा असताना गप्प राहायला मला शिकावे लागले. आता तो घरीच शिकवण्या घेतो आणि मुलांच्या वह्या एकदाच तपासतो.

मालिका पाहू नये असे मी मुळीच म्हणत नाही. आपल्या समीक्षकांना एवढीच विनंती आहे की, अशा पात्राबद्दल लिहिताना त्याच्या आजाराचे नाव घ्यावे, त्यावर उपचार आहेत हे सांगावे आणि जमल्यास ‘टेली-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापावा. भावाच्या खासगीपणासाठी माझे नाव प्रसिद्ध करू नये.

आपली,
एक वाचक, सांगली