धुरातील उष्णता: सुरुवात बार्जपासून करावी

संपादक महोदय,
वाहनांच्या धुरातील उष्णतेपासून वीज मिळवण्याविषयीचा आपल्या रविवारच्या अंकातील लेख आवडला. पण दुचाकी-मोटारींवरचा त्यातील भर पटला नाही. इंधनाची सुमारे एक तृतीयांश ऊर्जा धुरावाटे जाते, हे खरे. मात्र बिस्मथ टेल्युराइड या, तापमानातील फरकापासून थेट वीज करणाऱ्या पदार्थाचे जनित्र मिळालेल्या उष्णतेपैकी जेमतेम 5 टक्क्यांची वीज करते, आणि तेही एक बाजू तापलेली व दुसरी थंड राहिली तरच. पणजीच्या कोंडीत थांबत जाणाऱ्या स्कूटरला हे कसे साधणार? मांडवीतून खनिज नेणाऱ्या बार्जचे डिझेल इंजिन बराच वेळ एकसारखे चालते, थंड करायला नदीचे पाणी हाताशी असते, जनित्राच्या वजनाचीही अडचण नाही. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी पहिला प्रयोग तिथेच करावा.

– एक वाचक, रायबंदर