आई-नानांना, करारावर सही केल्यावर

पुणे

ती. नाना आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

आखाजीच्या सणाला घरी येणारच आहे, तरी हे आधी लिहून पाठवते. फोनवर आई दोन मिनिटांत "जेवली का" वर येते, आणि ओट्यावर समोरासमोर बसून सांगायला घेतलं तर मला रडू येईल आणि सांगायचं ते राहून जाईल. नाना, चष्मा लावा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

जर्मनीतल्या उल्म या गावच्या एका रुग्णालयातल्या नर्सिंगच्या नोकरीच्या करारावर मी सोमवारी सही केली. व्हिसाचं काम मुंबईहून होईल. सगळं वेळेत झालं तर नवरात्राच्या आसपास निघेन.

आधी विचारलं का नाही, असं तुमच्या मनात येईल. विचारलं असतं तर नाना "जा पोरी" म्हणाले असते आणि मोठ्या आत्याच्या वेळी बसले होते तसे रात्रभर अंगणात बसून राहिले असते. त्या होकाराचं ओझं मला तुमच्यावर टाकायचं नव्हतं. ठरवलं मी आहे, उद्या काही कमी-जास्त झालं तर ते निस्तरायचंही मीच.

आता पैशाचं. खळ्याजवळचं शेत गहाण ठेवायचं नाही. पतपेढीत कागद दिले असतील तर नाना, या आठवड्यात जाऊन ते परत आणा. इथल्या ज्या एजंटाबद्दल दादा बोलला होता त्यानं साडेचार लाख मागितले होते. आपल्याकडच्या नियमानं परवाना असलेल्या एजंटालासुद्धा उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. परवाना आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं. त्या माणसाचं नाव तिथे नव्हतंच. वरच्या गल्लीतल्या मुलाच्या घरच्यांनाही हे सांगा, ते अजून पैसे भरायच्या विचारात आहेत असं ऐकलं.

माझ्या बाबतीत खर्च रुग्णालय करतं आहे. कागदपत्रांच्या भाषांतराचे पैसे, तिथल्या कार्यालयाची फी, विमानाचं तिकीट, सगळं. तिकडे नर्स कमी पडतात, म्हणून ते करतात, उपकार म्हणून नाही. नोकरी लवकर सोडली तर पैसे परत करा, असं कलम काही करारांत असतं. माझ्या करारात ते नाही. पानन् पान वाचलं, आणि जे समजलं नाही ते जर्मन शिकवणाऱ्या बाईंना विचारलं.

इथेच का नाही राहिले, हे आई विचारेल. जळगावला ज्या दवाखान्यात मी गेले होते तिथे बारा हजार सांगितले, बारा तासांची ड्यूटी. सरकारी भरतीची जाहिरात निघते, परीक्षा होते, मग यादीची वाट बघत बसायचं. आखातात बहुतेक ठिकाणी आधी अनुभव मागतात. नुकत्याच पास झालेल्या मुलीला दार उघडणारी जागा शोधता शोधता मी जर्मनीपाशी आले. तिथे आधी जर्मन भाषा मागतात, बी-टू पातळीपर्यंतची. वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकात शंभरपैकी साठ गुण. रात्रपाळी करून सकाळी क्लासला बसायचे ते यासाठी. तेव्हा तुम्हाला "जादा ड्यूटी आहे" एवढंच सांगत होते, कारण पास होण्याआधी तुम्हाला आशेला लावायचं नव्हतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे उद्या कोणाकडून ऐकायला नको. पहिल्या दिवसापासून मी तिथे पूर्ण नर्स नसेन. स्टुटगार्टच्या सरकारी कार्यालयानं माझ्या बी.एस्सी.च्या चार वर्षांचे तास त्यांच्या शिक्षणाशी ताडून पाहिले. वृद्धांच्या सेवेचे तास कमी पडले. म्हणून आधी काही महिने त्यांच्या देखरेखीखाली काम, मग पूर्ण नर्स म्हणून मान्यता. तोवर हुद्दा आणि पगार मदतनीसाचा. हातात १,९०० युरोच्या आसपास येतील, त्यातून खोलीचं भाडं जाईल. मान्यता आली की पगार वाढेल. लाखांचे आकडे सांगत गावात कोणी आलं तर हा हिशेब त्याला दाखवा.

आणि तिकडे पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, स्वच्छ करणं हे नर्सचंच काम आहे. आपल्याकडे हे नातेवाईक करतात, म्हणून काकू म्हणतील, एवढं शिकून हे करायला चालली का. आई, तुला मी काय सांगू? आजीचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा उशाशी घड्याळ ठेवून तू दर दोन तासांनी तिची कूस बदलायचीस, रात्रीसुद्धा. जुन्या लुगड्याच्या घड्या करून पोटऱ्यांखाली ठेवायचीस, टाच गादीला टेकू नये म्हणून. मी तेलाची वाटी धरून शेजारी बसायचे आणि तू मला "झोप ना गं" म्हणून दटावायचीस. आजीच्या पाठीवर शेवटपर्यंत एक जखम झाली नाही. कॉलेजात दुसऱ्या वर्षी हेच पुस्तकात आलं, दर दोन तासांनी कूस बदला, टाचा अधांतरी ठेवा, आणि मला वर्गात एकदम तुझे हात दिसले. तुझ्याकडून शिकलेलं काम करायला चालले आहे.

"स्वतःचे आई-बाप सोडून परक्यांच्या म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली" असंही कोणीतरी म्हणेलच. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा म्हणून पाहिलं आहे की आता दुसऱ्या कोणी म्हटलं तरी नवीन वाटणार नाही. दादा-वहिनी तुमच्याजवळ आहेत म्हणूनच मी पाऊल उचलू शकले. वर्षाला ३० दिवसांची रजा करारात लिहिलेली आहे, ती मी तुमच्यासाठीच ठेवणार. आणि तुम्ही दोघं पाहुणे म्हणून ९० दिवसांपर्यंत येऊन राहू शकता.

तिथेच राहणार का, याचंही उत्तर देते. मान्यता मिळाल्यावर तीन वर्षं काम केलं, पेन्शनचे हप्ते भरले, भाषा येत असली, की कायम राहण्याचा परवाना मागता येतो. मला तो हवा आहे, तुमच्यापासून लपवत नाही. तो हातात असला की नोकरी बदलताना व्हिसाची धास्ती राहत नाही. पासपोर्ट मात्र आपलाच राहील. यावलच्या स्थळाला थांबवून ठेवू नका, त्यांच्या मुलाचा खोळंबा नको. माझ्या लग्नाला माझी ना नाही. मान्यता मिळू द्या, मग तुम्ही बघा आणि मला सांगा.

राहायची काळजी करू नका. पहिलं वर्ष रुग्णालयाच्याच वसतिगृहात खोली आहे, हीटर आहे, स्वयंपाकघर आहे. आठवड्याला साडेअडतीस तास काम. गाव डॅन्यूब नदीच्या काठी आहे. नाना, आइन्स्टाइन १८७९ साली तिथेच जन्मले. थंडी आहे, पण वहिनीनं दिलेला स्वेटर आणि जाड जाकीट घेऊन जाईन. आई, दादर ज्वारीचं पीठ, कळण्याचं पीठ, उडदाचे पापड आणि बिबड्या बांधून दे, पण तूप आणि पेढे देऊ नकोस, दुधाचं काही युरोपात नेऊ देत नाहीत. फळांनाही प्रमाणपत्र लागतं, फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन नावाचं एक फळ सोडून. म्हणजे नाना, आपल्या बागेतला एक फणा माझ्याबरोबर नेता येईल! तिकडच्या दुकानांत इक्वेडोर आणि कोलंबियाची केळी असतात. खाऊन तुम्हाला कळवते.

आता माझं ऐकायचं, आणि यात वाद नको.

नाना, बरं वाटतं म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. बरं वाटतं ते गोळीमुळेच. केळीच्या कांदेबाग लागवडीला यंदा माणसं लावा, पिलं कापायला तुम्ही वाकायचं नाही. जूनच्या वादळात बाग आडवी झाली तरी भर पावसात शेतात धावायचं नाही, पंचनाम्याला दादा जाईल. पाय दुखत असताना मोटार चालू करायला रात्री एकटे जाणं बंद.

आई, तीन महिन्यांची शुगर तपासून रिपोर्टचा फोटो मला पाठव. उपास करायचा असेल तर आधी मला विचार. अंगणातसुद्धा अनवाणी फिरू नकोस, आणि झोपताना तळपाय आरशात बघ, वहिनीला दाखव, कुठे काप किंवा फोड नाही ना. गेल्या वर्षीच्या काट्याचं आठवतं ना? महात्मा फुले योजनेत आता सगळ्या रेशनकार्डवाल्यांना ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. तुमच्या दोघांची त्या योजनेची कार्डं अजून काढलेली नाहीत, आखाजीच्या आत दादाला घेऊन रावेरला जा.

तिकडची वेळ आपल्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. तुमचं रात्रीचं जेवण झालं की मी फोन करेन. तेव्हा खोकला लपवायचा नाही, आणि "सगळं ठीक आहे" हे उत्तर मी घेणार नाही. काय खाल्लं, गोळी घेतली का, भाव काय मिळाला, एवढं सांगायचं.

वाचून राग आला तर दादाला फोन करायला लावू नका, तुम्ही करा. मी त्या दिवशी ड्यूटी बदलून घेईन. शनिवारच्या गाडीनं भुसावळला उतरते, नाना, घ्यायला येऊ नका, ऊन फार आहे, मी एसटीनं येईन.

तुमची,
छोटी