मुख्याध्यापक झालेल्या मुलीस पत्र

अंबाजोगाई, नोव्हेंबर

चि. अश्विनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिले सत्र पार पडले आणि दिवाळीची सुट्टीही सरली, तेव्हा आता जरा निवांतपणे लिहिते. परवा फोनवर मी सातवीच्या वर्गाविषयी विचारले तेव्हा "निम्मा वर्ग गेला, दरवर्षीच जातो, कोण काय करणार" असे म्हणून तू लगेच शालार्थमधील वेतन देयकाच्या अडचणीकडे वळलीस. तुझे म्हणणे खोटे नव्हते. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत, हे बीड जिल्ह्यात नोकरी केलेल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. मला खटकला तो तुझा स्वर. शिक्षिका असताना एक मूल गेले तरी तू दोन दिवस नीट जेवत नव्हतीस. आता त्याच गोष्टीविषयी तू आवक-जावक नोंदवहीतली नोंद वाचावी तशी बोललीस.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आपल्या सुधारित वर्गीकरणात कामातून येणाऱ्या या अवस्थेचे, म्हणजे 'बर्नआउट'चे, वर्णन केले आहे. शक्ती संपल्यासारखा थकवा, कामापासून मन तुटणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटू लागणे, ही तिची तीन अंगे तिथे दिली आहेत. तिला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याचा तो परिणाम मानला आहे. हा भेद मला मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे "मीच कमी पडते" या एका वाक्यावर विषय संपत नाही आणि कामाची मांडणीही तपासावी लागते. थकवा तू उघडपणे सांगतेस, त्याची मला तितकीशी भीती नाही. मन तुटणे मात्र ज्याचे त्याला सहसा कळत नाही, आणि त्याची झळ आधी मुलांना लागते.

मुख्याध्यापकाची खुर्ची कागदांनी थकवते असे सगळे म्हणतात. मला ते अर्धेच पटते. कागद कितीही असले तरी ते रडत नाहीत. सकाळी अकराच्या आत तुझ्या टेबलासमोर काय काय येते ते आठव. नवरा वारल्यावर माहेरी परतायचे म्हणून मुलाचा दाखला मागणारी बाई येते. ती उठून जाते न जाते तोच पोषण आहाराच्या खिचडीची चव घ्यायला स्वयंपाकीण बोलावते. मग पहिलीचा वर्ग आपल्यालाच का, म्हणून रुसलेले गुरुजी दारात उभे असतात, आणि तेवढ्यात केंद्रप्रमुखांचा "माहिती आजच, तातडीने" असा संदेश येतो. प्रत्येक वेळी चेहरा बदलावा लागतो. त्या बाईचे दुःख मनात असताना गुरुजींशी हसून बोलावे लागते, आणि आतून संताप आलेला असताना पालकाशी शांत राहावे लागते. या कामाची नोंद कोणत्याही नोंदवहीत होत नाही आणि त्याची बदली रजाही मिळत नाही. शिक्षक आपले गाऱ्हाणे तुझ्याकडे आणतात, पालक आणतात, सरपंचही आणतात. तुझे गाऱ्हाणे ठेवायला शाळेत जागा नाही, कारण तू जे बोलशील ते मधल्या सुट्टीपर्यंत गावभर होईल.

त्यात तुझे वर्गही सुटलेले नाहीत. प्राथमिक वर्गांत दीडशेवर आणि सहावी ते आठवीत शंभरावर मुले असली तर पूर्णवेळ मुख्याध्यापक असावा, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची सांगते. गावे रिकामी होतात तिथे पट किती टिकतो आणि जागा किती भरल्या जातात, हे तू जाणतेस. त्याच कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शिक्षणेतर कामे शिक्षकांना देता येतील असे ठरवले. बाकीची कामे मग मोबाइलवरून येऊ लागली, असे मी गमतीने म्हणत असे, पण तुझा रात्री साडेदहाला वाजणारा फोन ऐकल्यापासून मला त्यात गंमत वाटत नाही.

मी काय सुचवते ते आता ऐक. उंबऱ्यावर बसून "पोराला आजीपाशी ठेवा, हंगामी वसतिगृहात दोन वेळचे जेवण मिळेल" अशी आर्जवे तू एकटीने करू नकोस. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे कायद्यातच आहे, आणि तुझ्या समितीतल्या महिलांपैकी काहींनी स्वतः फडात मोळ्या बांधल्या असणार. "बाई, तुम्ही सांभाळता का?" या प्रश्नापुढे तू निरुत्तर होतेस, त्या होत नाहीत, कारण फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, मूल रात्री कसे झोपते ते त्यांनी पाहिलेले असते. त्यांना पुढे कर आणि तू मागे बस. त्यानंतरही एखादे मूल गेलेच, तर उचल फेडायची म्हणून ते गेले, तू कमी पडलीस म्हणून नव्हे. ते परत येईल तेव्हा त्याला वर्गात सामावून घेणे मात्र पूर्णपणे तुझ्या हातात आहे, तिथे मन घाल.

दुसरे, काही निर्णय कायद्याने आधीच घेऊन ठेवले आहेत. फडावर नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि त्या जोडीसाठी आठवीतल्या पोरीचे लग्न हंगामाच्या आधी उरकण्याची घाई आपल्याकडे होते. असे काही कानावर आले की बाप ओळखीचा आहे, गाव काय म्हणेल, पोरीची शाळाच बंद होईल, असा विचार तू रात्रभर करत बसतेस. २००६ च्या कायद्यानुसार गावपातळीवर ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक रात्रीही लागतो. कळवायचे की नाही हा प्रश्नच उरत नाही, कसे कळवायचे एवढाच उरतो. जिथे नियम स्पष्ट आहे तिथे मनाची झीज करू नये. ती जिथे नियम नाही तिथे लागते. वडील गेलेल्या मुलाशी पहिल्या दिवशी काय बोलावे, हे कोणत्याही परिपत्रकात सापडणार नाही.

तिसरे, आपल्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेला ज्या दोघी मुख्याध्यापिका येतात, त्यांच्याशी परिषद संपल्यावर अर्धा तास बसत जा. त्या तुझ्या शाळेच्या नाहीत आणि तुझ्या साहेबही नाहीत, म्हणून त्यांच्यापाशी मोकळे होता येईल. जावईबापूंना सगळे सांगतेस हे मला माहीत आहे. पण ऐकून ऐकून तेही थकतात, आणि शाळेतल्या माणसाला जे न सांगता समजते ते घरच्यांना समजावून सांगावे लागते.

सहावीचे गणित सोडू नकोस. कामे वाढली की मुख्याध्यापक आधी स्वतःचा तास दुसऱ्याला देतो, आणि माझ्या मते तिथूनच घसरण सुरू होते, कारण दिवसभरात तुला काही परत देणारा तेवढा एकच तास असतो. किरकोळ रजा घेतलीस तर ज्येष्ठ शिक्षकाकडे लेखी कार्यभार दे आणि दिवसभर फोन उचलू नकोस. आपल्याकडे "शाळेसाठी स्वतःला वाहून घेतले" असे म्हणून सत्कार होतात. त्या भाषणांत घरच्यांचे काय झाले हे कोणी सांगत नाही, आणि तो माणूस निवृत्त झाल्यावर शाळा कशी कोलमडली हेही नाही. मला अशा सत्कारांचा कंटाळा आहे.

झोप उडणे असेच चालू राहिले तर लाज न बाळगता १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदत सेवेच्या, क्रमांकावर बोल, किंवा सरळ इकडे निघून ये. आपल्या स्वाराती रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर आहेत, मी बरोबर येईन. तिथे कोणी पाहील याची चिंता तू करशील म्हणून आधीच सांगते, पाहिले तर पाहू दे.

पुढची शिक्षण परिषद झाली की त्या दोघींशी काय बोलणे झाले ते कळव, आणि समितीतल्या कोण कोण तुझ्याबरोबर घरोघरी यायला तयार झाल्या तेही लिही. जावईबापूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आई