अंधारी कधी आली?

चि. माईस,
अनेक आशीर्वाद.

आठशे मीटर मारून रेघेपाशीच मटकन बसलीस आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, हे सुमीकडून कळलं. तू लपवलंस याचा राग नाही. आहे, पण तो भेटल्यावर.

आधी एकच सांग: अंधारी पळतानाच आली, की थांबल्यावर?

थांबल्यावर असेल तर चूक गपकन थांबण्याची. पळताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंद झालेल्या असतात आणि पोटरी दर पावलाला रक्त पिळून वर ढकलते. पाय थांबले की रक्त खालीच साचतं, बीपी पडतं, डोक्याला रक्त कमी पडतं. म्हणून रेघ ओलांडली तरी पाय चालू ठेवायचे. दोन-तीन मिनिटं अगदी हळू जॉगिंग, मग धाप जाऊन सरळ बोलता येईपर्यंत चालणं, पाच ते सात मिनिटं. पोलीस भरतीच्या दिवशी पुढच्या रांगेत उभं केलं तर जागच्या जागी टाचा वर-खाली करत राहा. पाणी घोटाघोटाने. तरीही गरगरलं तर हट्टाने उभी राहू नकोस, आडवी हो आणि पाय बॅगेवर ठेव.

स्ट्रेचिंग त्यानंतर. भिंतीला हात, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, 30 सेकंद. तू टाच उचलतेस, मला व्हिडिओत दिसलं. झटके नकोत. याने उद्याचं अंग दुखणं थांबेल असं मात्र समजू नकोस. ‘लॅक्टिक ॲसिड साचलं’ म्हणतात, ते तर तासाभरात निघून जातं. दुखतं ते स्नायूंना झालेल्या बारीक इजेमुळे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त.

फार शिकवतोय, माफ कर. शाळेतून पळत यायचीस आणि दप्तरासकट पडवीत पालथी पडायचीस. आजी ओरडायची, मी हसायचो. तेव्हाच चालायला लावायला हवं होतं.

आठशेला 20 गुण आहेत, ते तू घेशील. गावात अजून कुणी घेतलेले नाहीत.

पण पळतानाच अंधारी आली असेल, छातीत दुखलं किंवा धडधडलं असेल, तर ईसीजी काढून डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदान बंद. बाळूकाकाचं तुला माहीत आहे. पैसे पाठवलेत. सरांना मी काही बोललो नाही.

पळताना की थांबल्यावर, रात्री फोन करून सांग. आईला करू नकोस, मलाच कर.

तुझे अण्णा