शैले, तुझा तासांचा हिशेब पाठव

प्रिय शैले,

फोनच करणार होते, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर लांब लिहिलं की नुसता अंगठा पाठवून मोकळी होतेस, म्हणून बसून लिहितेय. चहा घेऊन वाच. इकडे सगळी बरी आहेत. आईची शुगर आहे तिथेच आहे, माझी पाठ धरलेली ती सुटली, तब्येतीचं एवढं पुरे.

झालं काय, मंगळवारी ट्रस्टच्या कमिटीची मीटिंग झाली आणि आपल्या बालवाडीचा हॉल जूनपासून भाड्याने द्यायचा विषय निघाला. म्हापशाची कुणी पार्टी आहे, इंग्रजी नर्सरी काढायची म्हणतात, महिन्याला अडीच हजार फी, युनिफॉर्म वेगळा, वेळ नऊ ते बारा. आबांनी विषय मांडला आणि एकानेही तोंड उघडलं नाही गो, फोंडेकरीणसुद्धा गप्प! जिने आपल्या पहिल्या वर्षी घरच्या चटया आणून दिलेल्या ती. मी बोलले, खूप बोलले, पण आबांनी जमाखर्चाची वहीच पुढ्यात ठेवली. शेवटी एक महिना दिलाय मला. पैसे कुठून येणार ते दाखवा, मग बघू म्हणाले.

हे मी इथे कुणाला सांगू? घरात सांगितलं तर म्हणतात, सोड आता, वय झालं. वाड्यावर सांगितलं तर म्हणतात, इंग्रजी आली तर बरंच की. त्या हॉलच्या भिंतीला चुना कुणी काढला, खिडकीच्या गजांना जाळी कुणी बसवली ते तुलाच माहीत, म्हणून तुलाच लिहितेय.

वही तुला सांगते. पोरं बावीस, फी आठशे. म्हणजे व्हायला पाहिजेत 17,600, पण चार घरं देऊ शकत नाहीत आणि त्यांच्याकडे मागायला माझी जीभ उचलत नाही, म्हणजे राहिले 14,400. दोन मदतनिसांना सात-सात हजार, झाले चौदा. उरलेल्या चारशेत गॅस, दूध, लाइटचं बिल, फिनेल, खडू. वरचे कुठून घालते ते तू समजून घे. खाणीच्या पैशातून वर्षाला जे मिळायचं ते 2018 ला खाणी दुसऱ्यांदा बंद झाल्या तेव्हापासून थांबलं. 2012 ला पहिल्यांदा बंद झालेल्या तेव्हा तू अजून इथेच होतीस, नाक्यावर टिपरांची रांग लागलेली तू बघितलीयस. आता त्यातले कितीतरी टिपर भंगारात गेले. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, पुरुषांची कामं गेली म्हणून बायका बाहेर पडल्या, कुणी फॅक्टरीत पॅकिंगला, कुणी हॉटेलात हाउसकीपिंगला, म्हणजे पोरं सांभाळायची गरज वाढली नेमकी तेव्हाच पोरं सांभाळायचा पैसा आटला.

खालच्या वाड्यावरची ती टिपरवाल्याची सून आठवते ना, तुझ्या वेळी ती नवी नवरी होती. आता तिचा धाकटा माझ्याकडे येतो. येतो म्हणजे ती त्याला खांद्यावर झोपलेलाच आणते सकाळी साडेसातला, एक सँडल पायात नि दुसरा तिच्या हातात, मला सोपवताना तो सँडल माझ्या हातात कोंबते आणि धावते, कारण कंपनीची बस सात-चाळीसला नाक्यावरून सुटते नि ती कुणासाठी थांबत नाही. संध्याकाळी साडेपाचनंतर येते. पगार अकरा हजार. मीटिंगचं तिच्या कानावर गेलं तशी दुसऱ्या दिवशी दारात उभी राहून एवढंच विचारलं, बाई, बारानंतर मग? मला उत्तर देता आलं नाही. नऊला सुरू होऊन बाराला सुटणारी नर्सरी तिच्या काय कामाची, आणि अकरातले अडीच तिथे दिले तर घरी काय न्यायचं. ती नोकरी सोडणार शैले, मला दिसतंय ते.

तू म्हणशील अंगणवाडी आहे ना. आहे, आणि आपली ताई अजून तीच आहे, तितकीच प्रेमाने करते. पण तिच्यावर काय काय टाकलंय बघ. वजनं घ्या, गरोदर बायकांच्या घरी जा, लसीकरणाला पोरं गोळा करा, सगळं मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरा, वर मतदारयाद्यांचं काम. त्यातून उरलेल्या वेळात तिने शिकवायचं, आणि दुपारी पोरं घरी. केंद्राचं मानधन 2018 पासून 4,500 वरच ठरलेलं, आपलं गोवा राज्य वरून स्वतःचे घालतं म्हणून इथल्या सेविकांचं बरं म्हणायचं. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायलासुद्धा 2022 ला सुप्रीम कोर्ट लागलं. पोराच्या खाण्याला दिवसाला 8 रुपये धरलेत, तो दर 2017 चा. उसळीची वाटी त्यात बसवून दाखव मला, तू तर डाळीत पाणी घालण्यात पटाईत! (रागावू नको, कॅम्पातली ती डाळ मी या जन्मी विसरणार नाही.)

मला एवढंच म्हणायचंय की सरकार आपल्याकडे पोराच्या खाण्याचे पैसे देतं, वजनकाट्याचे देतं, आईला गृह आधारचे दीड हजार देतं, मुलगी मोठी झाली की लग्नाच्या वेळी लाडली लक्ष्मीचे एक लाख देतं. मी त्यातल्या कशालाच नाव ठेवत नाही, किती घरं त्यावर उभी आहेत मला माहीत आहे. पण ती लक्ष्मी तीन वर्षांची असते तेव्हा दिवसभर तिला कोण बघतं, त्या तासांचे पैसे कुणीच देत नाही. ते तास कुणाची तरी आजी देते नाहीतर मोठी बहीण शाळा बुडवून देते. किंवा आमच्या मदतनिसांसारखी बाई सात हजारांत देते, आणि तीसुद्धा आता सांगून गेलीय की रिसॉर्टमध्ये भांड्यांना तेरा मिळतात. तिला थांब म्हणायचा मला काय अधिकार?

आणि तुझ्याकडे, तिकडे इंग्लंडात, नेमके तासच मोजतात. तू मागे समजावून सांगितलेलंस ते मी वहीत लिहून ठेवलंय, बरोबर आहे का बघ. तीन-चार वर्षांच्या सगळ्या मुलांना आठवड्याला 15 तास फुकट, आईबाप कामाला जात असले तर 2017 पासून 30. मग कामाला जाणाऱ्यांच्याच पोरांसाठी एप्रिल 2024 ला दोन वर्षांच्यांना 15, सप्टेंबर 2024 ला नऊ महिन्यांच्या बाळांपासून 15, आणि सप्टेंबर 2025 पासून नऊ महिन्यांपासूनच 30, वर्षातले 38 आठवडे. पैसा सरकारकडून काउन्सिलला, म्हणजे तिथल्या पालिकेला, आणि काउन्सिलकडून तासाच्या दराने तुमच्या नर्सरीला. किती साधी गोष्ट आहे! पोर कुठल्या जागेत बसतं, चर्चच्या हॉलात की कुणाच्या घरात, त्यावर अडत नाही, नोंदणी हवी आणि तास भरले पाहिजेत. तिथेही आईबापाला काम नसलं की पोराला तास कमी, हे मात्र मला पटलेलं नाही. त्याच पोराला जास्त गरज असणार ना?

पण तुझी तक्रारही मी विसरले नाही. दर पुरत नाही म्हणालेलीस. आधी तान्ह्या बाळांच्या आईबापांकडून तुमच्या नर्सरीची मालकीण जास्त फी घ्यायची आणि मोठ्यांचा तोटा त्यात भरून काढायची, आता बाळांचेही तास सरकारच्या दरात आले म्हणजे ती वाट बुजली, वर एप्रिल 2025 पासून मालकाने पगारावर भरायचा नॅशनल इन्शुरन्स 15 टक्के झाला. म्हणजे फुकट म्हणून जाहीर करायचं आणि पुरेसे पैसे द्यायचे नाहीत, की नर्सरी एकतर बंद पडणार नाहीतर जेवणाचे, डायपरचे म्हणून आईबापांकडून काढणार. हे मला इथे कमिटीसमोर मांडायचंय, की तिथेसुद्धा दर चुकला की काय होतं. नुसतं योजना आणा म्हणून चालणार नाही, दर काढताना भाडं, पगार, गॅस सगळं धरलं पाहिजे.

तुमच्या नियमाने माणसं किती लागतात तेही मी लावून बघितलं. दोन वर्षांच्या पाचांना एक, त्यावरच्या आठांना एक. माझ्याकडे दोन वर्षांची पाच आणि त्यावरची सतरा, म्हणजे चार माणसं. आम्ही मला धरून तिघी. एक आजारी पडली की दोघी, आणि त्यात एकाला जुलाब झाले की तू विचारच कर.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही गो. 2022 पासून मिशन शक्तीमध्ये पाळणा योजना आहे, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, देशात 17,000 करायचं ठरलंय, केंद्राचे 60 टक्के आणि राज्याचे 40. मी ऑफिसात जाऊन विचारलं, तर प्रस्ताव वरून यायला हवा म्हणाले आणि ट्रस्टची बालवाडी त्यात कशी बसणार म्हणाले. पन्नास किंवा जास्त माणसं असली तर कंपनीने पाळणाघर द्यावं असा 2017 पासून कायदा आहे, पण टिपरवाल्याची सून कंत्राटदाराकडून लागलेली, तिला कोण कुठल्या मोजणीत धरणार. राज्यघटनेच्या कलम 45 मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं लिहिलंय, पण ते प्रयत्न करावा एवढंच. फुकट शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा. सहाच्या आतलं सगळं सरकारच्या मर्जीवर.

आता तुला लागेल असं लिहिते. 2011 ला इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा आपण दोघी विरोध करायला पणजीला गेलेलो, उन्हात घोषणा देऊन तुझा घसा बसलेला. तेव्हा सगळे पहिलीच्या अनुदानावर भांडत होते. पण माध्यम पहिलीत ठरत नाही शैले, ते तिसऱ्या वर्षी ठरतं. ज्या शाळेला नर्सरी आहे तिथे पोर एकदा गेलं की पहिलीला तिथेच राहतं. आपल्या वाड्यावरच्या मराठी शाळेत आता चार इयत्तांना मिळून एक बाई आणि मोजकी पोरं, आणि तिथे येतात ती बहुतेक माझ्या बालवाडीतली. हा हॉल गेला की दोन वर्षांत ती शाळाही जाईल. तेव्हा मोर्चे काढणारे आज कमिटीत बसून नर्सरीला हॉल देतायत आणि त्यांना यात काही चुकतंय असं वाटत नाही, याचा मला राग येतो, खरा राग.

आपलं फीचं भांडण आठवत असेलच. तू म्हणालीस पाचशे तरी घे, फुकट दिलं की लोक किंमत ठेवत नाहीत. मी म्हटलं गरिबाकडून कसली किंमत वसूल करायची, सरकारने भरावे. शिगम्यापर्यंत बोललो नव्हतो आपण! मग रोमटामेळाची मिरवणूक बघताना गुलालाने मी अशी माखलेले की मला दुसरीच कुणी समजून तू पहिली बोललीस. मी अजून तेच म्हणते हं, सरकारने भरावे. फी घेतेय ती नाइलाजाने, आणि तुमच्या देशाकडे बघून माझं म्हणणं उलट पक्कं झालंय. कोर्सला आपण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल शिकलो, पोरं शाळेत येत नसतील तर शाळा पोरांच्या दारात न्यायची. त्या बोर्डीला 1945 ला हे करत होत्या, सरकारने 1975 ला अंगणवाड्या काढल्या. तेवढ्यावर पन्नास वर्षं थांबायचं का?

म्हणून मी ठरवलंय. महिन्याभरात अनुदान उभं राहणार नाही हे मला कळतं. पण पंचायतीकडून या वर्षाचा खर्च मागणार, वाड्यावरच्या कामाला जाणाऱ्या सगळ्या आयांच्या सह्या घेऊन आमदारांकडे निवेदन देणार, की पाळणा योजनेत आपल्या गावाचा प्रस्ताव घाला आणि राज्याने ट्रस्टच्या बालवाड्यांना मुलामागे तासाच्या हिशेबाने पैसे द्या. टिपरवाल्याची सून म्हणाली, सुट्टीच्या दिवशी मी घरोघर फिरते. पहिली सही तिची आहे.

आणि तुझ्याकडून मला हे हवंय. तुमच्या नर्सरीचा एका मुलाचा हिशेब, तासाला काउन्सिल किती देतं, खरा खर्च किती येतो, फरक कुठून भरता, पैसे महिन्याला येतात की टर्मला. मालकिणीला विचारून, नाव न घालता. मराठीत लिही, आबांना वाचून दाखवायचंय. कमिटी पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बसते, त्याच्या आधी पोचलं पाहिजे.

तुझं काय चाललंय? गुडघ्याचं दाखवलंस का? भावोजींची वेअरहाउसची नाइट सुटली की तीच आहे अजून? पोराचा निकाल लागला असेल, कळव, आणि त्याला सांग मावशीला मराठीत मेसेज केला तरच बक्षीस मिळेल. स्विंडनला आता बरीच आपली माणसं झालीत म्हणे, चवथीला माटोळी बांधता का गो तुम्ही तिकडे? फोटो पाठव.

फोंडेकरणीचा भाचा तिकडे येतोय, त्याच्याबरोबर सोलं आणि थोडी फणसाची साठं देतेय. फोंडेकरणीला तू स्वतः फोन कर. मीटिंगमध्ये ती गप्प बसली ते माझ्या मनातून जात नाही, पण माझ्यापेक्षा तुझं ती ऐकते, आणि पुढच्या मीटिंगला तिचं मत मला हवंय.

तुझी,
सुलू